विश्लेषण : मुलांच्या बेसबॉलमध्ये धातूच्या बॅटवर बंधने का? चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूची बॅट होऊ शकते का?

अमेरिकेत आणि जपानमध्ये शालेय बेसबॉलमधील धातूच्या बॅटवर गेल्या दोन दशकांत एकामागून एक बंधने आली. काही ठिकाणी ती थेट हद्दपार झाली, काही ठिकाणी तिला लाकडासारखे वागायला लावणारे नियम झाले. मुलांची सुरक्षितता हे त्यामागचे मुख्य कारण आहे. महाराष्ट्रातही बेसबॉल शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत आहे, आणि लाकूड व बांबूसाठी ओळखले जाणारे चंद्रपूर-गडचिरोली हे जिल्हे याच राज्यात आहेत. धातूची बॅट नेमकी धोकादायक का ठरते, लाकडी बॅटचे फायदे-तोटे काय, आणि आपल्या जंगलातल्या सागवानाची, धावड्याची किंवा बांबूची बॅट होऊ शकते का, हे समजून घेऊया.

धातूची बॅट आली कशी?

बेसबॉलची बॅट मुळात लाकडाचीच. पण लाकडी बॅट तुटते आणि ती वारंवार घ्यावी लागते. शाळा आणि लहान क्लबांना हा खर्च जड जाई. त्यावर उपाय म्हणून १९७० च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियमची पोकळ बॅट बाजारात आली. अमेरिकेतील लहान मुलांच्या ‘लिटल लीग’ने १९७१ मध्ये ती स्वीकारली. १९७४ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलने परवानगी दिली आणि त्याच वर्षी जपानच्या प्रसिद्ध ‘कोशिएन’ या शालेय स्पर्धेतही ती दिसू लागली.

एकच बॅट अनेक हंगाम टिकते, हलकी असल्याने लहान मुलांना पेलते आणि तिने मारलेला चेंडू दूर जातो. ती लोकप्रिय होण्यासाठी एवढी कारणे पुरेशी होती. व्यावसायिक बेसबॉलने मात्र ती कधीच स्वीकारली नाही. अमेरिकेतील मेजर लीगमध्ये आजही एकाच अखंड लाकडाची बॅट लागते. ऑलिम्पिकमध्ये १९९६ पर्यंत धातूची बॅट चालत होती. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून तिथेही लाकडी बॅट आली.

धातूच्या बॅटने चेंडू जोरात का जातो?

याची कारणे दोन. पहिले कारण आपटण्याच्या क्षणात दडलेले आहे. चेंडू बॅटवर आदळतो तेव्हा दोघांचा संपर्क सुमारे एक हजारांश सेकंद टिकतो. तेवढ्या वेळात चेंडू चेपतो आणि पुन्हा फुगतो. बेसबॉलचा चेंडू कडक लाकडावर आदळून साधारण निम्म्या वेगाने परत येतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे निम्मा वेग म्हणजे केवळ एक चतुर्थांशाच्या आसपास ऊर्जा. उरलेली ऊर्जा चेंडूच्या आतल्या दोऱ्याच्या घर्षणात उष्णता होऊन जाते.

लाकडी बॅट भरीव असते, म्हणून सगळे चेपणे चेंडूच्याच वाट्याला येते. धातूची बॅट पोकळ असते. तिची पातळ भिंत आदळण्याच्या क्षणी किंचित आत दबते आणि स्प्रिंगसारखी पुन्हा बाहेर येते. त्यामुळे चेंडू कमी चेपतो, ऊर्जा कमी वाया जाते आणि भिंतीत साठलेली ऊर्जा चेंडूला परत मिळते. याला ‘ट्रॅम्पोलिन परिणाम’ म्हणतात. उडी मारण्याच्या जाळीवर माणूस उंच उसळतो, तसाच हा प्रकार आहे.

दुसरे कारण वजनाच्या वाटणीचे. समान वजनाच्या दोन बॅट घेतल्या तरी लाकडी बॅटचे वजन टोकाकडे जास्त असते, तर पोकळ बॅटचे हाताच्या बाजूला सरकलेले असते. कुऱ्हाड दांड्याच्या टोकाला धरून फिरवणे आणि पात्याजवळ धरून फिरवणे यात जो फरक जाणवतो, तोच इथे लागू होतो. वजन हाताजवळ असले की बॅट लवकर फिरते. फलंदाजाला चेंडू थोडा जास्त वेळ पाहता येतो आणि तरीही तो वेळेवर फटका मारू शकतो.

मग धोका कोणाला?

सर्वाधिक धोका चेंडू टाकणाऱ्या पिचरला असतो. मोठ्यांच्या मैदानात पिचरची जागा होम प्लेटपासून १८.४४ मीटरवर असते. क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा हे अंतर कमी आहे. चेंडू टाकताना पिचर पुढे पाऊल टाकतो, म्हणजे प्रत्यक्षात तो फलंदाजापासून साडेसोळा मीटरच्या आसपास उरतो. त्याचा तोल पुढे गेलेला असतो आणि हात खाली आलेला असतो.

आता साधा हिशेब करू. बॅटवरून ताशी १४५ किलोमीटर वेगाने सरळ निघालेला चेंडू हे अंतर सुमारे ०.४१ सेकंदात कापतो. हाच वेग ताशी १६० किलोमीटर झाला, तर वेळ ०.३७ सेकंदावर येतो. फरक फक्त चार शतांश सेकंदाचा दिसतो. पण चेंडू दिसणे, तो आपल्याकडे येतो आहे हे मेंदूला कळणे आणि हात वर येणे या सगळ्याला माणसाला जवळपास एवढाच वेळ लागतो. त्यामुळे या काठावर प्रत्येक शतांश सेकंद मोलाचा ठरतो. बेसबॉलच्या चेंडूचे वजन १४२ ते १४९ ग्रॅम असते. तो क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका असला तरी तितकाच कडक असतो, आणि पिचरच्या डोक्यावर हेल्मेट नसते.

लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये हे अंतर १४ मीटर असते. मुलांचे फटके मंद असतात, पण अंतरही कमी आणि प्रतिक्रियाही संथ. म्हणून वेळेचे गणित फारसे बदलत नाही.

दोन घटना, ज्यांनी चर्चा बदलली

२००३ मध्ये अमेरिकेच्या मोंटाना राज्यात १८ वर्षांच्या एका पिचरच्या डोक्याला अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटवरून आलेला चेंडू लागला आणि त्याचा मृत्यू झाला. धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही, असा ठपका ठेवत २००९ मध्ये ज्युरीने बॅट बनवणाऱ्या कंपनीला साडेआठ लाख डॉलर देण्यास सांगितले.

२००६ मध्ये न्यू जर्सीत १२ वर्षांच्या मुलाच्या छातीवर चेंडू बसला आणि त्याचे हृदय थांबले. तो वाचला, पण मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने कायमचे अपंगत्व आले. २०१२ मध्ये हे प्रकरण १.४५ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटले. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या आघाताने निरोगी हृदयाचा ठोका बिघडू शकतो. वैद्यकशास्त्रात याला ‘कमोशिओ कॉर्डिस’ म्हणतात. मुलांची छाती लवचिक असल्याने हा धोका त्यांना अधिक असतो.

यानंतर न्यूयॉर्क शहराच्या कौन्सिलने २००७ मध्ये हायस्कूल बेसबॉलमध्ये धातूच्या बॅटवर बंदी घातली. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी नकाराधिकार वापरला, तो कौन्सिलने मतदानाने फिरवला. बॅट कंपन्यांनी न्यायालयात आव्हान दिले, पण बंदी टिकली. त्याच वर्षी नॉर्थ डकोटा राज्यातील हायस्कूल स्पर्धाही लाकडी बॅटवर आल्या.

‘बीबीकॉर’ म्हणजे काय?

बहुतेक ठिकाणी मात्र बंदीऐवजी मधला मार्ग निवडला गेला. बॅट धातूची असू दे, पण ती लाकडासारखी वागली पाहिजे, असा हा नियम. अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये २०११ पासून आणि हायस्कूलमध्ये देशभर २०१२ पासून ‘बीबीकॉर’ हे मानक लागू झाले. बॅट आणि चेंडू यांच्या टकरीत उसळी किती राहते, याचे हे मोजमाप. त्याची कमाल मर्यादा ०.५० आहे, म्हणजे चांगल्या लाकडी बॅटच्या जवळपास. या मर्यादेत बसणाऱ्या बॅटवरच शिक्का मिळतो.

परिणाम पहिल्याच वर्षी दिसला. महाविद्यालयीन सामन्यांत २०१० मध्ये प्रत्येक संघामागे सामन्याला सरासरी ०.९४ होमरन पडत होते. २०११ मध्ये ते ०.५२ वर आले. एकूण फलंदाजीची सरासरीही .३०५ वरून .२८२ पर्यंत घसरली. लहान मुलांसाठी ‘यूएसएबॅट’ नावाचे वेगळे मानक करण्यात आले. लिटल लीगने ते १ जानेवारी २०१८ पासून बंधनकारक केले.

जपानने काय केले?

जपानमध्ये शालेय बेसबॉल हा जवळपास राष्ट्रीय सण असतो. २०१९ च्या उन्हाळी कोशिएन स्पर्धेत एका पिचरच्या चेहऱ्यावर चेंडू बसून गालाचे हाड मोडले. त्यानंतर नियमबदलाच्या चर्चेला वेग आला आणि २०२४ च्या वसंत स्पर्धेपासून नवी बॅट आली. तिचा कमाल व्यास ६७ मिलिमीटरवरून ६४ मिलिमीटरवर आणला गेला आणि चेंडू लागतो त्या भागातील भिंतीची जाडी सुमारे ३ मिलिमीटरवरून ४ मिलिमीटरच्या वर नेण्यात आली. भिंत जाड झाली की ती कमी दबते, आणि ट्रॅम्पोलिन परिणाम घटतो. किमान ९०० ग्रॅम वजनाची अट तशीच राहिली.

२०२३ च्या उन्हाळी स्पर्धेत २३ होमरन लागले होते. २०२४ मध्ये त्याच स्पर्धेत फक्त ७ लागले. गंमत म्हणजे नव्या धातूच्या बॅटचा फायदाच उरला नाही असे वाटल्याने २०२४ च्या वसंत स्पर्धेत काही खेळाडू चक्क लाकडी बॅट घेऊन उतरले. पुढे व्यावसायिक खेळात तीच वापरायची आहे, मग आतापासूनच सवय का नको, असाही विचार त्यामागे होता.

लाकडी बॅट पूर्ण सुरक्षित आहे का?

नाही. लाकडी बॅटवरूनही चेंडू जीवघेण्या वेगाने येऊ शकतो. धातूच्या बॅटच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे, की गंभीर दुखापती मुळातच फार कमी असतात, त्यामुळे केवळ बॅट बदलल्याने त्या किती घटल्या हे आकड्यांनी सिद्ध करणे कठीण आहे. हा मुद्दा बिनबुडाचा नाही. मात्र चेंडूचा कमाल वेग कमी झाला की पिचरला मिळणारा वेळ वाढतो, हे भौतिकशास्त्र त्याने बदलत नाही.

लाकडाचा स्वतःचा धोकाही आहे. तो म्हणजे तुटणे. अमेरिकेत २००० नंतर अ‍ॅश लाकडाऐवजी मेपल लाकडाच्या बॅट लोकप्रिय झाल्या. अ‍ॅशच्या बॅटचे बहुधा ढलपे निघतात. मेपलची बॅट मात्र एकदम दोन तुकडे होऊन टोकदार भाग मैदानात उडतो. २००८ च्या हंगामात मेजर लीगने जुलै ते सप्टेंबर या काळातील तुटलेल्या २,२३२ बॅट गोळा करून तपासल्या. त्यातील ७५६ बॅटचे अनेक तुकडे झाले होते. मुख्य कारण निघाले ते लाकडाच्या रेषांचा तिरकसपणा. रेषा बॅटच्या लांबीला समांतर नसतील, तर बॅट तिथूनच फाटते. मग हा तिरकसपणा ३ अंशांपेक्षा जास्त नसावा, असा नियम झाला. बॅटच्या मुठीजवळ शाईचा थेंब टाकून तो कोणत्या दिशेने पसरतो ते पाहतात. शाई रेषांच्या बाजूनेच पसरते. पुढील पाच वर्षांत अशा प्रकारे तुकडे होण्याचे प्रमाण निम्म्याने घटले.

तिसरा प्रश्न वजनाचा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पेलेल इतकी हलकी आणि तरीही टिकाऊ लाकडी बॅट बनवणे अवघड असते. म्हणूनच सर्वांत लहान गटात अनेक संघटनांनी लाकडाची सक्ती न करता मर्यादित उसळीची धातूची बॅट ठेवली.

उत्तम बॅटसाठी कोणते लाकूड लागते?

बॅटच्या लाकडाला तीन परीक्षा द्याव्या लागतात. ते हलके हवे, कडक हवे आणि धक्का पचवणारे हवे. या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणे दुर्मीळ. अ‍ॅशमध्ये त्या होत्या, म्हणून शतकभर त्याचे राज्य चालले. पण २००२ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ‘एमराल्ड अ‍ॅश बोरर’ हा आशियातून आलेला हिरवा भुंगा आढळला. त्याने कोट्यवधी अ‍ॅशची झाडे मारली आणि बॅटसाठीचे चांगले लाकूड मिळणे कठीण झाले. जपानमध्ये ‘आओदामो’ हे अ‍ॅशच्याच कुळातील झाड बॅटसाठी वापरत. तेही विरळ झाले, तेव्हा ते पुन्हा लावण्यासाठी बेसबॉल संघटनांनाच पुढे यावे लागले. तुटलेल्या बॅटपासून जेवणाच्या काड्या बनवून विकण्याचा उपक्रमही तिथे चालतो. खेळाची एक बॅट अशी थेट जंगलाशी जोडलेली असते.

चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान चालेल का?

या भागाचे नाव निघाले की आधी सागवान आठवते. आलापल्ली आणि बल्लारपूरचे सागवान देशभर जाते. अयोध्येतील राम मंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूर येथूनच सागवान रवाना झाले. पण दारासाठी जे गुण लागतात, ते बॅटला पुरत नाहीत. सागवानात नैसर्गिक तेल असते, ते पावसात फुगत नाही, वाळवी त्याला सहसा लागत नाही आणि ते वाकत-पिळत नाही. धक्का पचवण्यात मात्र ते अ‍ॅशच्या मागे पडते. वेगाने आलेल्या कडक चेंडूवर ते तडकण्याची शक्यता जास्त. शिवाय त्याची किंमत पाहता मुलांच्या तुटणाऱ्या बॅटसाठी ते वापरणे कोणालाच परवडणार नाही.

धावड्याचे काय?

धक्का पचवणारे लाकूड कोणते, हे या जंगलातल्या माणसाला विचारले तर तो धावड्याचे नाव घेईल. कुऱ्हाडीचा दांडा, बैलगाडीचा आस, अवजारांच्या मुठी यांसाठी धावडा पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो. इंग्रजांनी तर त्याला आसाचे लाकूड असेच नाव दिले होते. कुऱ्हाडीच्या दांड्याला जे सोसावे लागते, तेच बॅटला सोसावे लागते. मग अडचण कुठे? वजनात. धावडा अ‍ॅशपेक्षा बराच जड असतो. बेब रूथच्या काळात अमेरिकेतही हिकरी नावाच्या अशाच चिवट, जड लाकडाच्या बॅट होत्या. खेळाडूंना हलकी बॅट हवी झाली, तशी हिकरी मागे पडली. धावड्याची बॅट तुटणार नाही कदाचित, पण चौदा वर्षांच्या मुलाला ती वेळेत फिरवता येणार नाही. डिंक देणारे हे झाड उभे ठेवण्यातच गावाचा फायदा जास्त आहे.

आणि बांबू?

खरी शक्यता इथे आहे. अर्थात तिला मर्यादाही आहेत.

बांबू आतून पोकळ, मग त्याची भरीव बॅट कशी होणार? त्यासाठी बांबू उभा चिरून पट्ट्या काढतात. वरची साल आणि आतले पेर साफ करतात. बांबूत पिष्टमय पदार्थ असल्याने त्याला भुंगा लागतो, म्हणून पट्ट्यांवर बोरॅक्स आणि बोरिक आम्लाची प्रक्रिया करतात. त्या नीट वाळवून गोंद लावून दाबाखाली चिकटवतात. तयार झालेला ठोकळा लेथवर कातला की बॅट होते. जपानमध्ये अशा बांबूच्या बॅट सरावासाठी सर्रास वापरल्या जातात. त्या लाकडी बॅटपेक्षा जास्त टिकतात. चेंडू नेमक्या जागी लागला नाही तर हाताला सणसणीत झिणझिण्या येतात, त्यामुळे मुलगा आपोआप नीट फटका मारायला शिकतो, असे तिथले प्रशिक्षक मानतात.

सामन्यात ती चालते का? व्यावसायिक बेसबॉलमध्ये नाही, कारण तिथे एकाच अखंड लाकडाची अट आहे. जपानच्या नियमावलीत हौशी बेसबॉलमध्ये संबंधित संघटनेने मान्यता दिल्यास जोडकामाची बांबूची बॅट चालते. अमेरिकेतील हायस्कूलमध्ये एकापेक्षा जास्त तुकड्यांपासून बनलेल्या बॅटवर बीबीकॉरचा शिक्का लागतो.

क्रिकेटने मात्र दार बंद ठेवले आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये बांबूची क्रिकेट बॅट बनवून दाखवली. ती विलोच्या बॅटपेक्षा कडक आणि मजबूत होती, पण जडही होती. एमसीसीने नियमाकडे बोट दाखवले. क्रिकेटच्या बॅटचे पाते केवळ लाकडाचे असावे लागते, आणि वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत आहे. हा नियम १९७९ च्या एका प्रसंगाशी जोडलेला आहे. ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली पर्थ कसोटीत अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला होता. इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रिअर्ली याने चेंडू खराब होत असल्याची तक्रार केली आणि त्यानंतर लाकडाची अट नियमात आली.

आपल्याकडे कायद्याची गंमत उलटी होती. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेश काढून त्याला त्या व्याख्येतून वगळण्यात आले, त्यामुळे वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू तोडणे आणि नेणे सोपे झाले. वनक्षेत्रातल्या बांबूचा प्रश्न वनहक्क कायदा २००६ ने सोडवायला सुरुवात केली होती. त्यात बांबू हे गौण वनोपज ठरले. गडचिरोलीतील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हा हक्क लढून मिळवला. देवाजी तोफा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी उभ्या केलेल्या या ग्रामसभेला २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार मिळाला.

स्थानिक बांबूत अडचण कोणती?

या जंगलात मुख्यतः मानवेल जातीचा बांबू आढळतो. तो जवळपास भरीव आणि अत्यंत चिवट असतो. लाठ्या-काठ्यांसाठी तो प्रसिद्ध आहे. पण त्याची जाडी कमी असते आणि तो अनेकदा वाकडा वाढतो. लांब, सरळ, रुंद पट्ट्या काढायच्या तर जाड बांबू सोयीचा पडतो. चीनमध्ये बांबूच्या फळ्यांचा उद्योग ‘मोसो’ या जाड जातीवर उभा आहे. म्हणजे मानवेलपासून बॅट करायची तर पट्ट्या अरुंद निघतील, वाया जाणारा माल वाढेल आणि जोड जास्त लागतील. जितके जोड जास्त, तितके गोंदाचे काम चोख हवे. एका जोडाने दगा दिला तर फटका मारताना बॅट उलगडू शकते, आणि ज्या सुरक्षिततेसाठी सगळा खटाटोप, तीच धोक्यात येते.

जमेची बाजूही मोठी आहे. अ‍ॅशचे झाड बॅटयोग्य व्हायला अनेक दशके लागतात. बांबू तीन-चार वर्षांत पक्का होतो आणि कापल्यावर त्याच बेटातून पुन्हा फुटतो. चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. पिढ्यान्‌पिढ्या बांबू चिरणारे बुरड कारागीर दोन्ही जिल्ह्यांत आहेत. दशकानुदशके इथला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे लगद्यासाठी जात आला. लगद्यासाठी विकलेल्या बांबूला आणि घडवलेल्या वस्तूला मिळणाऱ्या भावात मोठे अंतर असते. सूप-टोपल्यांची जागा प्लास्टिक घेत असताना कारागिराला नवे काम हवे आहे.

मात्र बॅट ही शोभेची वस्तू नाही. ती बनवायची तर दाबयंत्र, आर्द्रता मोजण्याची सोय, एकसारखे वजन आणि आघाताची चाचणी या चार गोष्टी लागतील. त्याशिवाय बनलेली बॅट मुलांच्या हातात देऊ नये. सुरुवात सरावाच्या बॅटपासून, तीही नरम चेंडूवर, करणे शहाणपणाचे.

महाराष्ट्रातील शाळांना याचा काय उपयोग?

आपल्याकडे बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ शाळांत खेळले जातात आणि बऱ्याचदा एकच शिक्षक दोन्ही शिकवतात. सॉफ्टबॉलमध्ये धातूच्या आणि कंपोझिट बॅट सर्रास चालतात. त्यामुळे शिक्षकांनी आणि पालकांनी काही गोष्टी तपासणे आवश्यक आहे.

- सॉफ्टबॉलची बॅट बेसबॉलच्या कडक चेंडूवर वापरू नये. तिची भिंत त्यासाठी बनलेली नसते.
- धातूच्या बॅटवर चीर, पोचा किंवा सैल झालेले टोक दिसले तर ती बाजूला ठेवावी. दुरुस्त करून पुन्हा देऊ नये.
- नवी धातूची बॅट घेताना बीबीकॉर किंवा यूएसएबॅटचा शिक्का आहे का ते पाहावे.
- लाकडी बॅटच्या रेषा मुठीपासून टोकापर्यंत सरळ जातात का ते पाहावे. बॅट ओल्या जमिनीवर किंवा उन्हात टाकू नये.
- फलंदाजीच्या सरावात पिचरपुढे ‘एल’ आकाराची जाळीची चौकट ठेवावी. लोखंडी नळ्या आणि जाळी वापरून गावातला वेल्डरही ती बनवू शकतो. बॅट कोणतीही असो, सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय हाच.
- छातीवर चेंडू लागून मूल कोसळले तर वाट पाहू नये. लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे आणि १०८ वर फोन करावा. क्रीडा शिक्षकांनी याचे प्रशिक्षण घेतलेले असावे. रुग्णवाहिकेला पोहोचायला वेळ लागणाऱ्या दुर्गम तालुक्यांत तर हे अधिकच गरजेचे आहे.

पुढे काय?

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी क्रिकेटबरोबर बेसबॉल-सॉफ्टबॉललाही पुन्हा स्थान मिळाले. दुबईतील ‘बेसबॉल युनायटेड’ या व्यावसायिक लीगमध्ये ‘मुंबई कोब्राज’ नावाचा संघ आहे. विदर्भातला एखादा मुलगा या खेळात वर जायचे म्हणाला, तर वरच्या पायऱ्यांवर त्याच्या हातात लाकडी बॅटच असणार आहे. शाळेत केवळ हलक्या धातूच्या बॅटवर शिकलेल्या खेळाडूला तिथे फटक्याची वेळ आणि जागा नव्याने शिकावी लागते. जपानमधील शालेय खेळाडूंचा अनुभव हेच सांगतो.

टेनिसने लाकडी रॅकेट सोडली, हॉकीने तुतीच्या लाकडाची स्टिक सोडून कंपोझिट घेतली. बेसबॉलचा प्रवास त्याच्या उलट दिशेने चालला आहे. शाळांसाठी प्रश्न मात्र रोजच्या खर्चाचा राहतो. लाकडी बॅट तुटली की नवी घ्यावी लागते, आणि ग्रामीण शाळेचे क्रीडासाहित्याचे अनुदान मर्यादित असते. टिकाऊ, तपासलेली आणि जवळच बनलेली सरावाची बांबू बॅट हा खर्च कमी करू शकते. त्यासाठी कच्चा माल ग्रामसभांकडे आहे, चिरण्याचे कसब बुरडांकडे आहे आणि प्रशिक्षणाची सोय चिचपल्लीला आहे. चाचणीची सोय आणि क्रीडा संघटनांची मान्यता या दोन गोष्टी मिळवल्याशिवाय ती बॅट शाळेच्या मैदानावर येऊ नये.